डब्याबाहेरची पेन्शन

अक्का, काल कॉलेजात सेल्वीनं पुन्हा विचारलं. तुझं तेरावं होऊन आठवडासुद्धा झाला नाही, म्हणून बिचारीनं आधी इकडचं तिकडचं काढलं. मी जेवते का, झोप लागते का, रघू आहे की आईला सोडून चेन्नईला परत गेला. सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणाली, मॅडम, त्या पेन्शनचं काय करायचं, महिनाअखेरीला यादी वर जाईल. कॉलेजात आम्हा सगळ्यांच्या पगाराचं आणि पेन्शनचं तीच बघते, तिचं कामच ते. तिला काय ठाऊक, या एका प्रश्नावरून आपण दोघींनी किती वर्षं एकमेकींचं डोकं खाल्लं.

उद्या सांगते म्हणून मी सटकले. घरी येऊन कुलूप काढताना तोंडात वाक्य तयार होतं, अक्का, ती सेल्वी परत मागे लागलीय. मेली सवय. मग दार लावून घेतलं आणि खाली बसून भोकाड पसरलं. साठीला आलेल्या बाईनं असं रडावं का, म्हणशील. रडावं. मला गप्प बसवायला आता आहे कोण?

समाचाराला येणाऱ्या बायका माझ्याकडे जरा नवलानं बघत होत्या. जाऊ गेली म्हणून इतकं? नवरा गेला तेव्हा तरी एवढी रडली होती का ही? जावा म्हणजे भांडणार, हे साऱ्या जगाला पाठ असतं. आणि भांडलो की आपण, कमी का भांडलो? लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होते. तूच एक दिवस म्हणालीस, "अक्काला कुणी तुम्ही म्हणतं काय गो?" तेव्हापासून तू झालीस आणि भांडायला बरं पडलं.

भावोजी गेले तेव्हा तुला मूलबाळ नव्हतं. काही वर्षांनी तुझा दीरही गेला, रघूला माझ्या पदरात टाकून. मी हातपाय गाळून बसले होते. कॉलेजच्या लायब्ररीत जागा आहे हे तू कुठून ऐकून आलीस देव जाणे. मला केस विंचरायला लावलेस, स्वतःची बरी साडी नेसवलीस आणि गेटपर्यंत सोडून आलीस. मी कधी चार परक्या माणसांत तमिळ बोलले नव्हते, फक्त भाजीवाल्याशी. घरात आपली जुनी तंजावरी मराठी, पुण्याहून कुणी आलं तर हसतं तसली. तू म्हणालीस, पुस्तकांना कुठं बोलायचं असतं, जा. मी गेले. रघूचा डबा, रघूचा अभ्यास, रघूचा ताप, सगळं तू पाहिलंस. वर सांबारच्या मसाल्याची पोडी आणि अप्पळम-पापड करून विकलेस ते वेगळंच. माझ्या नोकरीतली अर्धी नोकरी तू केलीस, अक्का. पगाराच्या कागदावर नाव मात्र माझं एकटीचं यायचं.

आणि तो पगार जायचा डब्यात. सासूबाईंची रीत, त्यांच्या सासूची आणि तिच्याही सासूची. घरात जो कमावेल त्यानं पहिल्या तारखेला पैसे विठ्ठलाच्या तसबिरीपुढं ठेवायचे, थोरल्या सुनेनं ते पितळी डब्यात घालून कुलूप लावायचं आणि ज्याला लागतील त्याला तिनंच हातावर काढून द्यायचे. तंजावरचा दरबार गेला, राजे गेले, डबा राहिला. पगार बँकेत जमा व्हायला लागला तरी मी बँकेतून काढून आणून तसबिरीपुढं ठेवत होते, कॉलेजातल्या बायका हसायच्या. बसच्या भाड्यालाही तुझ्यापुढं हात पसरायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. खरं सांगते, हातावर कुणीतरी पैसे ठेवतंय यात मला सुखच वाटायचं.

फक्त एक होतं, थोरला हात देणार आणि धाकटा घेणार. उलटं केलेलं तुला खपायचं नाही. एकदा बोनस मिळाला म्हणून मी परस्पर तुझ्यासाठी साडी आणली तर काय अंगावर आलीस! मला कुणी नेसवायची गरज पडली नाही अजून, म्हणालीस. शेवटी साडी तसबिरीपुढं ठेवली, रात्रभर राहू दिली, सकाळी तू आपल्या हातानं उचललीस, तेव्हा कुठं ती तुझी झाली. धाकट्या जावेकडून घेतलं असं व्हायला नको ना. देवाकडून घेतलं तर चालतं.

एवढं सगळं डब्यात जाताना एकच गोष्ट डब्याबाहेर राहिली, ती माझी पेन्शन. बँकेत मी स्वतःच्या नावानं एक पेन्शन खातं उघडलं होतं. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे तिथंच कापले जायचे. तसबिरीपुढं ठेवलेली थप्पी बारीक झालेली तुला पहिल्याच महिन्यात कळली. म्हातारपणासाठी आहे, असं मी सांगितलं. बरं केलंस, म्हणालीस आणि विषय संपला.

तो पुन्हा उकरला गेला कॉलेजनं स्वतःची पेन्शन योजना आणली तेव्हा. थोडं आमच्या पगारातून, थोडं कॉलेजकडून. ज्यांनी आधी बाहेर स्वतःचं खातं काढलंय त्यांना ते या योजनेत मिळवता येईल, असं सेल्वीनं सांगितलं. मिळवलं तर सगळं एका जागी राहील, खात्याचा वर्षाचा खर्च कॉलेज भरेल, निवृत्तीनंतर एकच पेन्शन येईल. मात्र एकदा मिळवलं की पुन्हा वेगळं करता येणार नाही. न मिळवलं तर दोन खाती, दोन ठिकाणचे हिशेब, पण आपलं आपल्या हातात. मी घरी येऊन हे सगळं गप्पा म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्या दिवसापासून तू कॉलेजची वकील झालीस. मिळवून टाक, मिळवून टाक. तुझ्यापाशी कारण होतं, मी नाही म्हणत नाही. भावोजींनी थोडं पोस्टात, थोडं एका सोसायटीत, थोडं कुठल्याशा चिटफंडवाल्याकडं ठेवलं होतं, घरात डबा असून. ते गेल्यावर तू साक्कोट्टैपासून तिरुविडैमरुदूरपर्यंत कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेस. एका ठिकाणचा पैसा शेवटपर्यंत सापडला नाही. मेलेल्याचा पैसा चार दिशांना असला की जित्याची वणवण होते, हे तू येताजाता ऐकवायचीस. पटायचं मला ते. पण मिळवत मात्र नव्हते.

कार्तिकाच्या अमावास्येला आपण तिरुविसनल्लूरला जायचो ना, मठातल्या विहिरीवर आंघोळीला, त्या दिवशी तिच्यात गंगा येते म्हणून. पहाटेची रांग रस्त्यापर्यंत आलेली, अंगात हुडहुडी, पुढं-मागं माणसं गंगेचं नाव घेतायत आणि तू माझ्या कानाशी पेन्शन घेऊन बसलेली. गंगासुद्धा इथं एका विहिरीत येऊन मिळते, तुझे पैसे काय तिच्याहून मोठे लागून गेले, म्हणत होतीस. पुढची म्हातारी वळून बघायला लागली. तिला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं. मी म्हटलं, अक्का, देवाच्या दारात तरी सोड. डोक्यावर बादली ओतली जात होती तरी तुझं तोंड सुरूच, नाकात पाणी गेलं तेव्हा थांबलीस. मी इतकी हसले की ठसका लागला. येताना बसमध्ये मात्र तू खिडकीकडं तोंड करून बसलीस. मला वाटलं, थंडी वाजतेय.

आता कारण ऐक. ताकास तूर लागू दिली नाही मी इतकी वर्षं, पण आता सांगायलाच हवं. ते खातं उघडलं तेव्हा बँकेतल्या माणसानं विचारलं होतं, तुमच्यामागं हे कुणाला द्यायचं? मी तुझं नाव सांगितलं. त्याला रघूच्या नावाची अपेक्षा होती, त्यानं दोनदा विचारून घेतलं. नातं काय? मी म्हटलं ओर्पडी. तमिळमध्ये जावेला तोच शब्द. त्यानं लिहून घेतलं. स्वतःच्या खात्यात कुणाचंही नाव देता येतं. कॉलेजच्या योजनेत नाही देता येत. तिथं कुटुंबातलंच माणूस लागतं, आणि कुटुंब म्हणजे नवरा, मुलं, आईबाप. जाऊ नाही चालत. सेल्वीनं नियम मला वाचून दाखवला, दोन्ही खाती मिळवली की जुनं नाव आपोआप जाणार. म्हणून मी मिळवत नव्हते, अक्का. दुसरं काही कारण नव्हतं.

माझी तब्येत तर तुला माहीतच होती. दमा माझा, साखर माझी, दवाखान्याच्या वाऱ्या माझ्या. तुला साधं डोकं दुखलेलं मी पाहिलं नाही. मी आधी जाणार हे मी धरूनच चालले होते. माझ्यामागं तू काय खाशील? रघू देईल, गुणाचं पोर आहे. पण तू मागशील का त्याच्याकडं? त्यानं न मागता पाठवले तरी तसबिरीपुढं ठेवून तू त्याच्याच मुलांना परत करशील. तुला कुणी दिलेलं नको होतं. तुझ्या हक्काचं म्हणून तुझ्या नावावर आलं असतं तरच तू घेतलं असतंस. आणि तेव्हा तर मी मेलेली असते, माझ्याशी भांडायची सोयच राहिली नसती. फार हुशारी केली असं वाटत होतं मला.

तुला सांगितलं असतं तर? पहिली बँकेत जाऊन नाव काढायला लावलं असतंस. धाकट्या जावेची पेन्शन मी खाऊ? मला ते शब्दसुद्धा ऐकू येत होते, म्हणून मूग गिळून बसले. तू म्हणायचीस मिळव, मी म्हणायची बघू. पण या न बोलण्याचा तू काय अर्थ लावत होतीस, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

ते आलं गेल्या वर्षी, पोंगलच्या आधी. मी पगार तसबिरीपुढं ठेवला. तू तो उचललाच नाहीस. कमरेची किल्ली काढून डब्यावर ठेवलीस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "वेगळं ठेवायचं तर ठेव, पैसा तुझा आहे. पण मला परकी समजतेस, एवढं तोंडानं सांग."

तू ओरडली असतीस तर मी ओरडले असते. तू ओरडली नाहीस. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं, तुझं नाव, बँकेतला तो माणूस, सगळं. आणि मी काय बोलले? असू दे अक्का, माझं मला कळतं. याहून वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. तू पदराला हात पुसलेस आणि आत निघून गेलीस.

मग काय तमाशा आपला! तू डबा उघडेना, मी किल्लीला हात लावेना. घरात होतं ते संपवत गेलो. भाजी संपली, अप्पळमवर भागवलं. ताक पातळ झालं, मग नुसतं मीठ-भात. मी कॉलेजात चालत जायला लागले. तुझ्याशी बोलायचं ते रघूला फोनवर मोठ्यानं सांगायची आणि तूही तसंच. तो म्हणे, तुम्ही दोघी एकाच खोलीत आहात ना? शेवटी कॉफीची पूड संपली. कॉफीसाठी गाजलेल्या कुंभकोणममध्ये जन्म काढलेली बाई तू, बाकी सगळं सहन झालं असतं. तू उठलीस, किल्ली घेतलीस, डबा उघडलास आणि माझ्या हातावर पैसे ठेवलेस. पाव किलो आण, म्हणालीस, चिकोरी कमी. मला इतका आनंद झाला की मी अर्धा किलो घेऊन आले. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

भांडण मिटलं असं मी समजले. पेन्शनचं नाव तू पुन्हा माझ्यापुढं काढलं नाहीस. ते तुझ्या मनातून गेलं होतं, का तू आत दाबून टाकलं होतंस? मला रोज वाटायचं, सांगून टाकावं, होऊ दे काय व्हायचं ते. पण मग वाटायचं, आत्ता कुठं घर शांत झालंय. आणि त्या दिवशी सकाळी तू कॉफीचं डिकॉक्शन गळायला ठेवून भिंतीला टेकलीस. मी आतून विचारलं दूध तापवू का, तू उत्तर दिलं नाहीस. ऐकलं नसेल म्हणून मी दूध तापवूनच बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. तुला झाला नसेल.

काल रडून झाल्यावर रघूला फोन केला. सेल्वीला उद्या काय सांगू, असं विचारलं. तो म्हणाला, मिळवून टाक आई, इतकी वर्षं का अडवून धरलंयस तेच मला कळलं नाही. मग मी सांगितलं त्याला, पहिल्यांदा कुणालातरी सांगितलं. रघू, त्या खात्यावर तुझं नाव नाही, थोरल्या आईचं आहे. त्यानं नाव पुन्हा विचारून घेतलं. मला वाटलं, त्याला लागलं असेल. मी म्हटलं, अरे, तुला कॉलेजची पेन्शन होतीच. तो म्हणाला, तसं नाही गं.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐक. नवरात्रात तू त्याला फोन केला होतास म्हणे, मी देवळात गेले असताना. तू त्याला म्हणालीस, "मी हिच्याहून थोरली, मी आधी जाणार. हिला कचेऱ्यांतलं काही कळत नाही, दम लागतो, उन्हात हिंडायला लागेल बिचारीला. मी असेपर्यंत हिचं सगळं एका जागी करून दे. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकेल." आणि वर बजावलंस, मी बोलले म्हणून सांगू नकोस, चिडते ती.

अक्का, अगं काय बायका आपण! तू म्हणायचीस मिळव, ते माझ्यासाठी. मी म्हणायची नाही, ते तुझ्यासाठी. आणि घरभर भांडत सुटलो होतो, जशी काही दोघी एकमेकींच्या तोंडचा घास काढतोय. हिशेब तुझाच बरोबर होता. अकरा वर्षांनी मोठी तू, आणि मी मात्र आपल्या दम्याच्या तोऱ्यात आधी मरायला निघालेली. तू मला परकी समजून गेली नाहीस, एवढं मला रघूच्या बोलण्यातून कळलं. मी तुला परकी समजत होते का, हे तुला कळलं होतं की नाही, ते मला कुणी सांगू शकणार नाही. नवरात्रात माझी एवढी काळजी केलीस, म्हणजे राग नसणार, असं मी स्वतःला समजावते. थोडा वेळ पटतं.

रघूनं नंतर व्यवहाराचं सगळं नीट सांगितलं. वेगळं खातं ठेवलं तरी नाव बदलावंच लागणार. दोन जागी ठेवून आता फायदा काही नाही, खर्च तेवढा जाईल. पुढं मागं मी आजारी पडले तर त्याला चेन्नईहून येऊन दोन ठिकाणी धावावं लागेल. तुझी वणवण मी डोळ्यांनी पाहिलेली आहे, ती पोराच्या माथी कशाला मारू? एवढं मला कळायला तुला जावं लागलं.

तरी आज सेल्वीपुढं बसले आणि पेनाचं टोपण काढून परत लावलं. तिनं मला सही कुठं करायची ते दाखवलं, रघूचं नाव लिहून झालं होतं. तिला जुनी हकिकत ठाऊक होती, नियम तिनंच मला वाचून दाखवला होता ना. तिनं घाई केली नाही. फॅन बंद केला, पाणी आणून दिलं. मग म्हणाली, मॅडम, इतकी वर्षं तुम्ही हे पैसे त्यांचे म्हणूनच बघत आलात. पण साठाव्या वर्षी ही पेन्शन तुम्हाला येणार आहे, जगायला. त्याचा काही विचार केलाय का?

नव्हता केला.  माझ्यामागं तू कशी जगशील याची सगळी तजवीज मी करून ठेवली होती. तुझ्यामागं मी कशी जगेन, याचा विचार या घरात एकीनंच केला होता, तू.

सही केली, अक्का. मिळवून टाकलं. वाद तू जिंकलीस, खात्यावरून तुझं नाव गेलं. आता दोन वर्षांनी दर महिन्याला पेन्शन यायला लागेल, माझी आणि त्यात मिसळलेली तुझी, वेगळी काढता येणार नाही अशी. तुझ्या वाटचं मी इतकी वर्षं तुझ्यापासून लपवून राखलं, ते आता मलाच खायचंय. ते माझ्या घशाखाली कसं उतरेल, एवढं सांगून जायला हवं होतंस गं.